सातपर्यंत

पहिल्यांदा झालं ते बोरीच्या फाट्यावर.
त्रेपन्न प्रवासी, पिशवीतून मान काढलेली एक कोंबडी,
फुगा सांभाळत उभं राहिलेलं एक पोरगं.
मी ओरडत होते, पुढं सरका, पुढं सरका,
आणि माझ्याच छातीत कुणी पुढं सरकेना.
बोटं मशीनवर. घाम.
जिंतूरचं तिकीट मागणाऱ्याला मी झरीचं दिलं,
अर्ध्या तासापूर्वी मागं राहिलेल्या झरीचं.
मारोतरावांनी आरशातून पाहिलं
आणि न विचारता गाडी बाजूला घेतली.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात
छातीची पट्टी निघाली, हातभर लांब.
डॉक्टर म्हणाले, काही नाही.
घरी सगळे दारातच उभे, काय निघालं?
काही नाही.
तेव्हापासून मला रोज 'काही नाही' व्हायला लागलं,
दुपारच्या फेरीला, उतरणीवर,
एकदा तर घरी, भाकरी तव्यावर असताना.
भाकरी करपली. तेवढंच दिसलं सगळ्यांना.

मग तेवीस नंबरची खोली, तहसीन मॅडम,
आणि एकाच वेगाने फिरणारा पंखा.
डोळे मिटा, म्हणाल्या.
मी म्हटलं, मॅडम, चौदा वर्षं झाली नोकरीला,
आमच्यात डोळा मिटला की गल्ल्यात तूट.
बरं, उघडे ठेवा. जमिनीकडं बघा.
श्वास मोजा, एक ते दहा.
चुकलं तर परत एकपासून. दंड नाही.
दंड नाही, हे मी तीनदा विचारून घेतलं.

विचार येतील, म्हणाल्या, प्रवाशासारखे.
चढू द्या, उतरू द्या.
मॅडम, तुम्ही एसटीत बसलात कधी?
नुसता कुणी उतरत नाही.
तिकिटाच्या पाठीवर लिहून दिलेले
तीन रुपये मागतो आधी.

आगारातली महिला विश्रांती खोली.
लोखंडी कॉट, पहाटेचे पाच दहा.
एक.
बाहेर कुणी तरी खाकरून चूळ भरतंय.
दोन. डिझेलचा वास.
तीन, मोठीची फी, रजेचा अर्ज, कालची ती बाई
जिच्यावर मी उगीच खेकसले,
चार नाही, अजून तीनच.
पाच. सहा.
सातला मी हमखास पडते.
सातला काय आहे, देव जाणे.
आई म्हणते, सात वर्षांची असताना तू विहिरीत पडली होतीस.
मला तर फक्त गारवा आठवतो
आणि वर, लांब, ताटाएवढं आभाळ.

डोळे लावून काय करायलीस गं ताई?
श्वास मोजायले, मारोतराव.
किती झाले?
सात.
जमेत का तुटीत?

तीन महिने झाले, आठ कसा असतो मला माहीत नाही.
पण सातवरून एकला परत येताना
आता पूर्वीसारखी लाज वाटत नाही.
रिकामी गाडी डेपोला आणतो तसं येते,
दिवे घालवून, सावकाश.

काल पुन्हा बोरीच्या फाट्यावर छातीत गर्दी झाली.
मी दांड्याला धरून उभी राहिले.
एक. रस्त्याकडेचा कापूस. दोन.
शेजारच्या सीटवर एक म्हातारी,
लेकीला दवाखान्यात ठेवून एकटीच परत निघालेली,
पदर तोंडाशी, धापा टाकत.
मी खाली वाकले.
माय, घाबरू नका. नुसता श्वास बघा.
ती म्हणाली, कुठून बघू बाई,
चष्मा तर लेकीपाशीच ऱ्हायला.

मी हसले. मग तीही, दात नसलेलं.
कितवा चालू होता ते मी विसरून गेले.
मागून कुणी तरी ओरडलं, ओ मॅडम, माझे तीन रुपये!
मी दोन वेळा बेल दिली
आणि सुट्टे शोधायला लागले.